पुढील सूचना मिळेपर्यंत

आमच्या हॉस्टेलच्या बोर्डावर एक नोटीस आहे. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्यातली टाचणी गंजलीय. कधीतरी हॉस्टेलमध्ये काहीतरी गडबड झाली होती, म्हणून रात्री नऊनंतर गेट बंद राहील असं तिच्यात लिहिलंय, आणि शेवटची ओळ आहे, पुढील सूचना मिळेपर्यंत. ती गडबड नेमकी काय होती हे आज फायनल इयरच्या पोरांनाही सांगता येत नाही. खाली सही करणारे रेक्टरसाहेब केव्हाच निघून गेले. पुढील सूचना मात्र अजून आलेली नाही!

या नोटिशीसमोर उभा राहिलो की मला हल्ली एक माणूस आठवतो. मागे एका वादविवाद स्पर्धेसाठी आणीबाणी हा विषय होता. आपल्या १९७५ च्या आणीबाणीबद्दल लायब्ररीत वाचत असताना हे नाव पहिल्यांदा भेटलं. फ्रँक चर्च, अमेरिकन सिनेटर. स्पर्धेत आमचा नंबर काही आला नाही, पण या माणसाने पिच्छा सोडला नाही. त्याचीच ही गोष्ट.

फ्रँकचा जन्म २५ जुलै १९२४ चा. गाव बॉयसी, राज्य आयडाहो. आयडाहो म्हणजे अमेरिकेच्या वायव्येचं डोंगरांचं, जंगलांचं आणि बटाट्यांचं राज्य. वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. त्या वेळी आयडाहोचे विल्यम बोरा नावाचे सिनेटर देशभर गाजत होते आणि लहानग्या फ्रँकचे ते हीरो होते. मोठेपणी काय व्हायचं, हे त्याचं तिथेच ठरून गेलं होतं.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला की काय मिळतं? एक ढाल, एक प्रमाणपत्र आणि नशीब चांगलं असेल तर पाकिटात थोडे पैसे. फ्रँकने १९४१ साली, शाळेत असतानाच, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची राष्ट्रीय वक्तृत्व स्पर्धा जिंकली. बक्षिसात कॉलेजच्या चार वर्षांची सोय झाली! त्या जोरावर तो स्टॅनफर्डला गेला. पण महायुद्ध सुरू झालं होतं. १९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि लष्करी गुप्तवार्ता विभागात चीन, ब्रह्मदेश आणि भारत या आघाडीवर त्याने काम केलं. म्हणजे या गोष्टीच्या नायकाचे पाय आपल्या मातीलाही लागले आहेत.

युद्धावरून परत आल्यावर १९४७ मध्ये त्याने बेथीन क्लार्क हिच्याशी लग्न केलं. तिचे वडील चेस क्लार्क हे युद्धकाळात आयडाहोचे गव्हर्नर होते. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या एका आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांमध्ये नेऊन ठेवलं गेलं. त्यातले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. अशी एक छावणी, मिनिडोका, आयडाहोमध्येच होती आणि तिच्यात नऊ हजारांहून जास्त माणसं राहिली. जपानी लोक आपल्या राज्यात नकोत म्हणून उघडपणे बोलणाऱ्यांमध्ये गव्हर्नर क्लार्क होते. पुढे जावयाच्या हातून जो कायदा झाला, त्याचा आणि या छावण्यांचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

लग्नानंतर फ्रँक हार्वर्डला कायदा शिकायला गेला. तिथे पाठ दुखायला लागली. बॉस्टनच्या थंडीने दुखत असेल असं समजून गडी पुन्हा स्टॅनफर्डला आला, तरी दुखणं जाईना. तपासणीत निघाला कॅन्सर. वय अवघं तेवीस. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी हातात काही महिनेच उरलेत असं सांगितलं. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी क्ष-किरणांचे उपचार सुरू केले आणि तो त्यातून वाचला! त्यानंतर हा माणूस उधारीवर मिळालेलं आयुष्य असल्यासारखा जगला. राजकारणात धोका पत्करायचा तर तो आत्ताच, हे त्याने तिथून उचललं. १९५२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक हरला आणि १९५६ मध्ये थेट देशाच्या सिनेटची निवडणूक लढवून विद्यमान सिनेटरला पाडलं. वय बत्तीस. आता अहो-जाहो करायला हरकत नाही.

सिनेटमध्ये चर्च यांचं बस्तान चांगलं बसलं. नागरी हक्कांच्या कायद्यांना त्यांनी साथ दिली. जंगलं जशीच्या तशी राखण्याचा १९६४ चा कायदा सिनेटमध्ये त्यांनी पुढे नेला. पण त्याच १९६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि माझ्या मते त्यांचं पुढचं सगळं आयुष्य म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

व्हिएतनामजवळच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याची बातमी आली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसकडे (अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, आपल्याकडचा पक्ष डोळ्यांसमोर आणू नका) लष्करी कारवाईची मोकळीक मागितली. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी ठराव पास. ८८ मध्ये चर्च होते. दुसरा हल्ला झालाच नव्हता हे नंतर उघड झालं. पण तोवर कोऱ्या चेकवर सही होऊन गेली होती, आणि त्या चेकवर लाखो सैनिक व्हिएतनामला गेले.

काही महिन्यांतच चर्च या युद्धाच्या विरोधात बोलायला लागले. स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. एप्रिल १९७० च्या अखेरीस पुढचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काँग्रेसला न विचारता कंबोडियात सैन्य घुसवलं. तेव्हा चर्च आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉन शर्मन कूपर यांनी मिळून दुरुस्ती आणली की ३० जूननंतर कंबोडियातल्या सैन्यासाठी पैसा मिळणार नाही. सिनेटने ती ५८ विरुद्ध ३७ मतांनी मान्य केली. प्रतिनिधिगृहाने मात्र अडवली. शेवटी तिचं सौम्य रूप १९७१ च्या जानेवारीत कायदा झालं.

या पैशांच्या भांडणातच एक गंमत बाहेर आली. काँग्रेसने पैसा अडवला तरी सरकारकडे एक चोरवाट होती. १८६१ चा, घोड्यांच्या दाणावैरणीचा कायदा! यादवी युद्धाच्या काळातला. दूर सीमेवरच्या घोडदळाला वॉशिंग्टनहून मंजुरी येईपर्यंत उपाशी मरायला नको, म्हणून मंजुरीआधीच कपडे, धान्य, वैरण उधारीवर घ्यायची मुभा त्यात होती. घोडे गेले, घोडदळ गेलं, कायदा राहिला. आणि शंभर वर्षांनी हेलिकॉप्टरवाल्या सैन्याला तो कामाला येऊ शकत होता.

चर्च यांना प्रश्न पडला, की असे आणखी किती कायदे आहेत?

जानेवारी १९७३ मध्ये सिनेटने एक खास समिती नेमली. काम होतं राष्ट्रीय आणीबाणी संपवण्याचा मार्ग शोधण्याचं. अध्यक्ष दोन, डेमोक्रॅट चर्च आणि रिपब्लिकन चार्ल्स मथायस. एका समितीला दोन पक्षांचे दोन समान अध्यक्ष, हे क्वचितच घडतं. सुरुवातीला हिशोब एकाच आणीबाणीचा होता, कोरियन युद्धाच्या वेळी डिसेंबर १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलेल्या. युद्ध १९५३ ला थांबलं होतं, आणीबाणी चालूच होती. शोधायला लागल्यावर चार निघाल्या! मार्च १९३३ ची, बँका बुडत होत्या तेव्हाची रूझवेल्ट यांची. १९५० ची ट्रुमन यांची. आणि दोन निक्सन यांच्या, एक मार्च १९७० च्या टपाल संपाची आणि दुसरी ऑगस्ट १९७१ मधली, परकीय व्यापारातल्या तुटीची.

विचार करा. १९३३ ची आणीबाणी लागली तेव्हा फ्रँक चर्च आठ वर्षांचा पोरगा होता. ती उठवायची कशी हे शोधायला बसले तेव्हा ते अट्ठेचाळीस वर्षांचे सिनेटर होते. मधल्या चाळीस वर्षांत ती उठवायची कुणाला आठवणच झाली नव्हती.

पुढचा प्रश्न असा, की आणीबाणी असताना राष्ट्राध्यक्षाला नेमके कोणते अधिकार मिळतात? याची यादीच कुठे नव्हती. इथे आपल्या कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी कान टवकारावेत. अमेरिकन वायुदलाने कोलोरॅडोतल्या आपल्या संगणकासाठी देशाचे कायदे टेपवर भरून ठेवले होते. समितीने त्यावर आणीबाणी, युद्ध असले शब्द टाकून शोध घेतला. १९७३ साली, कीवर्ड सर्च! शिवाय माणसांनीही जुने कायदे हाताने चाळले. नोव्हेंबरमध्ये अहवाल आला तेव्हा आकडा होता ४७०. मालमत्ता जप्त करणं, कारखाने ताब्यात घेणं, वाहतूक आणि दळणवळण आपल्या हातात घेणं, प्रवासावर बंधनं घालणं, सैन्य परदेशी पाठवणं, असे ४७० अधिकार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले होते. हे अधिकार कुणी चोरले नव्हते. काँग्रेसनेच घाईच्या वेळी एकेक करून दिले होते आणि कुठल्याही पावतीवर परतीची तारीख घातली नव्हती. टॉन्किनला चर्च यांनी स्वतः जे केलं, तेच काँग्रेस चाळीस वर्षं करत आली होती.

मधे वॉटरगेट झालं, निक्सन गेले, फोर्ड आले. १४ सप्टेंबर १९७६ रोजी फोर्ड यांच्या सहीने राष्ट्रीय आणीबाणी कायदा झाला. तो थोडक्यात असा. जुन्या आणीबाण्यांतून मिळालेले अधिकार दोन वर्षांत संपतील. पुढे आणीबाणी लावायची तर राष्ट्राध्यक्षाने ती जाहीर करावी, कोणत्या कायद्याखालचे अधिकार वापरतोय हे नाव घेऊन सांगावं, आणि खर्चाचा हिशोब काँग्रेसला द्यावा. वर्ष झालं की आणीबाणी आपोआप संपेल, हवी असेल तर राष्ट्राध्यक्षाने मुदतवाढीची सूचना काढावी. दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी ती ठेवायची की नाही यावर विचार करावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी खलास. राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही.

याच कायद्याने १९४२ चं एक कलमही रद्द केलं. लष्करी हुकूम मोडणाऱ्याला तुरुंग, असं सांगणारं, जपानी वंशाच्या लोकांविरुद्ध वापरलं गेलेलं ते कलम होतं. मिनिडोकाची छावणी बंद होऊन तीस वर्षं झाली होती, कलम मात्र कायद्याच्या पुस्तकात तसंच होतं. ज्या गव्हर्नरांना ती माणसं राज्यात नको होती, त्यांच्या जावयाने ते काढायला लावलं.

हे चालू असतानाच १९७५ मध्ये चर्च यांच्याकडे दुसरी मोठी जबाबदारी आली होती, सीआयए, एफबीआय यांच्या गैरकारभाराची चौकशी. आज त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा त्या चर्च समितीमुळे. त्यात कट, विषप्रयोग, हेरगिरी असा मालमसाला होता, त्यामुळे पेपरांचे रकाने भरले. आणीबाणीची समिती बिचारी कोरड्या कायद्यांची. १९७६ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतही उतरले, पण उशिरा. चार राज्यं जिंकली आणि कार्टर यांच्यासाठी बाजूला झाले. १९८० मध्ये आयडाहोच्या मतदारांनी त्यांना घरी बसवलं, एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने.

आता गोष्टीतला वाईट भाग. जगदीश राय चढ्ढा नावाचा केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा तरुण अमेरिकेत स्टुडंट व्हिसावर शिकायला गेला होता. १९७२ मध्ये व्हिसा संपला. त्याला देशाबाहेर घालवू नये असा निर्णय सरकारी पातळीवर झाला, पण प्रतिनिधिगृहाने एकट्याच्या ठरावाने तो फिरवला. चढ्ढा कोर्टात गेला. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, की राष्ट्राध्यक्षाकडे न पाठवलेल्या अशा ठरावांना कायद्याचं बळ देता येणार नाही. पोरगा जिंकला, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर बरंच झालं. पण तशाच बिनसहीच्या ठरावावर उभ्या असलेल्या कितीतरी कायद्यांचा पाया त्या दिवशी गेला. त्यात आणीबाणीच्या कायद्यातला तो ब्रेकही होता.

चर्च यांना ही दुरुस्ती करायला वेळ मिळाला नाही. १९८४ च्या जानेवारीत ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. पुन्हा कॅन्सर, या वेळी स्वादुपिंडाचा. ७ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ते गेले. जाण्याच्या थोडंच आधी आयडाहोतल्या एका प्रचंड मोठ्या संरक्षित जंगलाला त्यांचं नाव देण्यात आलं. डॉक्टरांनी दिलेले काही महिने त्यांनी छत्तीस वर्षं पुरवले होते.

१९८५ मध्ये काँग्रेसने कायदा बदलला. आणीबाणी उठवायची तर संयुक्त ठराव हवा, म्हणजे राष्ट्राध्यक्षाची सही हवी. आता स्वतः लावलेली आणीबाणी उठवणाऱ्या ठरावावर कोण सही करेल? तो नकाराधिकार वापरणार, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागणार. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट माहीत आहेत. सप्लाय नसताना, म्हणजे कुणीच काही करत नसताना, सर्किट चालू राहतं की बंद, हा सगळा खेळ आहे. आणीबाणीचंही तसंच. कागदावर ती वर्षाने आपोआप बंद होते, पण एका पानाच्या सूचनेने पुन्हा चालू राहते. बंद करायची तर मात्र अर्ध्याहून जास्त देशाने जोर लावला तरी पुरत नाही.

झालंही तसंच. या कायद्याखालची पहिली आणीबाणी कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ रोजी, इराणमधल्या ओलिसांच्या वेळी लावली. ओलीस १९८१ मध्ये सुटले, आणीबाणीची मुदत मात्र पुढे चाळीस वर्षांहून जास्त काळ दरवर्षी वाढत राहिली. सहा महिन्यांनी विचार करण्याचं कलम काँग्रेसने जवळजवळ विसरूनच टाकलं. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी आणीबाणी लावली तेव्हा दोन्ही सभागृहांनी ती उठवण्याचा ठराव पास केला, सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी. चर्च यांच्या मूळ कायद्यात आणीबाणी त्याच दिवशी संपली असती. १५ मार्चला नकाराधिकार आला, दोन तृतीयांश जमले नाहीत, आणीबाणी राहिली. २०२५ मध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लागलं तेही आणीबाणीच्याच अधिकारातून, १९७७ च्या एका कायद्याच्या आधाराने. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुठल्या तरी देशातला कोरडा कायदा म्हणून सोडून देऊ, असं म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

चर्च यांच्या कायद्यात उणिवा होत्याच. आणीबाणी म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही. सहा महिन्यांचं कलम पाळलं नाही तर काय, हेही नाही. स्पर्धेच्या वेळी मला आपल्या राज्यघटनेतली १९७८ ची ४४ वी दुरुस्ती नीट कळली नव्हती, ती या उणिवांमुळे कळली. आपल्याकडे १९७१ च्या युद्धाची आणीबाणी चालू असतानाच १९७५ ची दुसरी लागली होती. त्या अनुभवानंतर आपण लिहून घेतलं, की आणीबाणीला महिन्याभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्यता द्यायची आणि ती टिकवायची तर दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची. संसद गप्प बसली तर आणीबाणी संपते. तिकडे काँग्रेस गप्प बसली तर आणीबाणी चालू राहते. सगळा फरक एवढाच, आणि एवढा मोठा! स्पर्धेत मी आणीबाणी कोणी लावली यावर तावातावाने बोललो होतो. ती उठवायचे कष्ट कोणावर टाकलेत, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सुचला असता तर कदाचित ढाल आमच्याकडे आली असती.

आपण उद्या इंजिनिअर होऊ. कुठे तरी प्लान्टवर, ऑफिसात, सोसायटीत घाईच्या वेळी आपणही तात्पुरते नियम करू, तात्पुरते बायपास टाकू. त्या वेळी नियमाखाली शेवटची तारीख लिहायला विसरू नका, एवढंच सांगावंसं वाटतं. चर्च यांच्यासारख्या हुशार माणसाकडूनही एकदा विसरलं होतं आणि ते निस्तरण्यात त्यांची बारा वर्षं गेली.

बाकी, त्या हॉस्टेलच्या नोटिशीबद्दल आम्ही काही जणांनी अर्ज दिला आहे. नियम काढा असं त्यात म्हटलेलं नाही. नियमाची गरज असेल तर दर सेमिस्टरला कारण लिहून नवी नोटीस लावावी, आणि नाही लावली तर जुनी रद्द समजावी, एवढीच विनंती आहे. उत्तर अजून आलेलं नाही. अर्जाच्या खाली आम्ही तारीख घातली आहे.